घंटा थांबवायची राहिली

संगणकाच्या बाईंनी नववीच्या वर्गाला शाळेच्या घंटेचं काम वाटून दिलं होतं. शिपायाऐवजी संगणकाने घंटा वाजवायची, एवढं मोठं काम ऐकून पोरांचे चेहरे पडले, तेव्हा बाईंनी समजावलं, की अख्खं काम एकदम बघूच नका, त्याचे तुकडे करा. मग एका गटाने तास कधी बदलतो ते संगणकाला शिकवलं, दुसऱ्याने मधली सुट्टी सांभाळली, तिसऱ्याने प्रत्यक्ष वाजवण्याची बाजू उचलली. मुख्याध्यापकांना हा सगळा पोरखेळ वाटत होता. आज घंटा नीट वाजली तर ठीक, नाहीतर संगणकाचा तास गणिताला देईन, असं त्यांनी बजावून ठेवलं होतं.

तास संपत आला. वर्ग एकाच पडद्याभोवती गोळा झाला, कुणाची हनुवटी कुणाच्या खांद्यावर. आणि घंटा वाजली. अगदी वेळेवर, खणखणीत. पोरांनी बाकं बडवली, बाईंनी पुढच्या बाकावरच्या मुलाला चक्क टाळी दिली.

घंटा वाजतच राहिली.

वाजवणारे वेळवाल्यांकडे बघू लागले, वेळवाले सुट्टीवाल्यांकडे. थांबवायचं काम कुणाच्याच वाट्याला आलं नव्हतं. वाटणी बाईंनीच केली होती.

इतकी लांब घंटा शाळा सुटतानाच व्हायची. खाली पाचवीने दप्तरं उचलली, पाचवीला बघून सहावीने, आणि बघता बघता जिना दुथडी भरून वाहू लागला. चित्रकलेचे सर तर डबा घेऊन फाटकापर्यंत पोचलेसुद्धा. मुख्याध्यापक मैदानाच्या मधोमध हात पसरून उभे होते आणि पोरं त्यांच्या दोन्ही बाजूंनी निघून जात होती.

बाईंनी वायर उपटायला हात घातला, तशी वर्ग जिला ‘वकीलबाई’ म्हणायचा ती मुलगी आडवी आली.

“बाई, वायर काढली तर घंटा थांबेल, पण आपण हरू.”

बाईंचा हात तसाच राहिला. खरं तर त्यांच्याही मनात तेच होतं. बोललेलं ऐकू येईना, म्हणून त्यांनी फळ्यावर लिहिलं, ‘थांबवायचं म्हणजे काय काय करायचं?’ एकच झुंबड उडाली. किती वेळ वाजली ते मोजायचं, एकाने लिहिलं. वेळ भरली का बघायचं, दुसरीने. भरली की बंद, तिसऱ्याने खडू हिसकावून. तिघं तीन तुकडे घेऊन बसले, बाकीचे खाणाखुणांनी चुका दाखवत राहिले, आणि त्या ठणठणाटात वकीलबाईने सगळं जोडून बटण दाबलं.

घंटा थांबली. एवढी शांतता पसरली, की जिन्यावरून येणारे मुख्याध्यापकांचे बूट ऐकू आले.

ते तास काढून घ्यायच्या तयारीनेच आले होते, पण दारात थबकले. शाळेत दुसरं एक पोर उरलं नव्हतं, आणि मधल्या सुट्टीनंतर शोधून आणावा लागणारा हा वर्ग सगळाच्या सगळा फळ्याला चिकटलेला.

“सुटल्याची घंटा होऊनही बसून राहिलेला वर्ग मी जन्मात पाहिला नाही,” ते हळूच म्हणाले. “बाई, आठवड्याला अजून एक तास घ्या.”

तेवढ्यात मागून कुणीतरी विचारलं, “सर, म्हणजे शाळा सुटली?”

“हो, म्हणजे तशी...”

वाक्य पुरं व्हायच्या आत खोलीत मुख्याध्यापक, बाई आणि खडूने भरलेला फळा एवढेच उरले.