हवालदारांची चुन्याची रेघ

ज्या माणसानं मला, एका शाळेच्या मुख्याध्यापकाला, भर रस्त्यात "ओ गुरुजी, मरायचं असंल तर घरी जाऊन मरा!" असं सुनावलं, त्याच्याविषयी मी चांगलं काही लिहावं, हा खरं तर माझ्यावरच अन्याय आहे. पण काय करणार, ते माझे शेजारी होते.

किसन खिल्लारे. फौजेत वीस वर्षं अवजड गाड्या चालवून हवालदार म्हणून परतले आणि कळमनुरीत आमच्या भिंतीला भिंत लावून राहिले. नव्वदनंतरची ती वर्षं. त्यांनी लिलावात फौजेचाच एक जुना ट्रक घेतला, चारही चाकांनी ओढणारा. काळ्या मातीत रुतलेल्या गाड्या काढणं हा त्यांचा धंदा आणि माणसांवर ओरडणं हा शौक.

ट्रकमध्ये चुन्याची गोणी कायम. गाडी कुठंही रुतलेली असो, हवालदार आधी तिच्याकडं बघायचेच नाहीत. पावलं मोजत लांबवर चुन्याची रेघ मारायचे आणि शिट्टी फुंकायचे. रेघेच्या आत कुणी दिसला, की संपलंच.

"ताणलेली तार म्हंजे भरलेली बंदूक! तुटल्यावर ती इच्यारनार हाय का, तुमी कोनाचे कोन ते?"

गाडीच्या बंपरला तार बांधलेली दिसली, की त्यांच्या कपाळाची शीर उडायची. "बंपर शोभेचा असतो! नवरदेवाला मुंडावळ्या धरून वढता का तुमी? चेसीच्या, खालच्या सांगाड्याच्या हुकाला बांधा!"

हे रस्त्यावर ठीक होतं. पण माझ्या बायकोनं चुलीवर दूध ठेवून मग साखरेचा डबा शोधायला घेतला, तर भिंतीपलीकडून आवाज यायचा, "वहिनी, चिखलात शिरल्यावर काहून गियर शोधता? आधी पुढचा एक्सल जोडावा, मंग शिरावं!" साखर आणि एक्सल! माणसानं संतापावं नाही तर काय?

एकदा मला कुरुंद्याला पाहुण्यांकडं जायचं होतं. हवालदार तिकडंच निघाले होते, म्हणून त्यांच्या ट्रकमध्ये बसलो. अवकाळी पाऊस होऊन गेला होता आणि हळदीनं भरलेला सांगलीकडचा एक ट्रक गावाबाहेर पार आसापर्यंत रुतला होता. भोवती निम्मं गाव. त्या ट्रकच्या अगदी पुढ्यात, आपल्या जीपमध्ये, गावचे पुढारी भाऊसाहेब बसलेले. हवालदारांनी उतरल्या उतरल्या रेघ मारली. मी उत्सुकतेनं दोन पावलं रेघेच्या आत गेलो आणि वर सांगितलेलं वाक्य ऐकून परत फिरलो.

भाऊसाहेब मात्र जीपमधून हलेनात. "हवालदार, दोन मिंटाचं काम. रांगोळ्या काहून काढून राहिले?"

"जीप रेघेच्या भायेर न्या. मंग बोला."

"गाव माझं हाय!"

"गाव तुमचं, तार कोनाचीच न्हाई!"

भाऊसाहेब इरेला पेटले. त्यांनी आपल्या ट्रॅक्टरवाल्याला खूण केली. त्यानं हळदीच्या ट्रकच्या बंपरला तार बांधली आणि झटका द्यायला ट्रॅक्टर मागं घेतला. हवालदारांनी ते पाहिलं. ते धावत गेले, भाऊसाहेबांना कॉलर धरून जीपबाहेर ओढलं आणि दोघंही चिखलात आडवे झाले.

"माझी कॉलर धरतो तू?" भाऊसाहेब किंचाळले.

तेवढ्यात झटका बसला. धाडकन आवाज झाला. उखडलेला बंपर तारेसकट उडाला आणि जीपची पुढची काच फोडून आत घुसला. जिथं भाऊसाहेब बसले होते, बरोबर तिथं.

सगळं गाव भाऊसाहेबांच्या अंगावरचा चिखल पुसायला धावलं. हळदीच्या ट्रकचा ड्रायव्हर स्टिअरिंग धरून तसाच थरथरत बसला होता, त्याच्याकडं कुणाचंच लक्ष नव्हतं. हवालदार त्याच्या केबिनमध्ये चढले, त्याला पाणी पाजलं, पाठीवर हात फिरवत बराच वेळ बसले. मग खाली उतरून ट्रक मागून, आला त्याच वाटेनं, चेसीला तार लावून, तुटली तर उसळू नये म्हणून तारेवर ओली पोती टाकून, सावकाश बाहेर काढला. या वेळी सगळं गाव रेघेबाहेर होतं. भाऊसाहेब सगळ्यात लांब.

नंतर हवालदारांनी त्या ड्रायव्हरला एसटीडी बूथवर नेलं. त्याला घरी फोन लावायला सांगितला. त्याच्या तोंडून शब्द फुटेना, तेव्हा रिसीव्हर आपणच घेतला.

"बाई, तुमचा मानूस बराबर हाय. जेवला न्हाई अजून. मी जेवू घालतो."

ड्रायव्हर रडायलाच लागला. वातावरण हलकं करावं म्हणून मी म्हटलं, "हवालदार, आलोच आहोत तर तुम्हीही लावा कुणाला तरी."

"कोनाला लावू? आमची घरची जाऊन सहा वर्सं झाली. लेक सासरी, तिला काहून घोर लावायचा?" ते बाहेर रस्त्याकडं बघत म्हणाले. "पोचलो का न्हाई, हे इच्यारनारं कोन हाय गुरुजी?" आणि लगेच, खुर्ची वाटेत ठेवली म्हणून, बूथवाल्यावर ओरडले.

घरी येऊन मी हे बायकोला सांगितलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ट्रक दारात लागला, तशी ती भिंतीवरून म्हणाली, "पोचलात का भाऊ?"

"दिसत न्हाई का? पोचलो म्हनूनच ट्रक हितं हाय ना!"

घ्या! आपण विचारपूस करावी आणि हे उत्तर! पण बायको रोज विचारत राहिली आणि ते रोज खेकसत राहिले. एखाद्या संध्याकाळी ती स्वयंपाकात गुंतलेली असली, की ट्रक दारात येऊन थांबायचा, पण इंजिन काही बंद व्हायचं नाही. गल्ली हादरायची, माझ्या खिडकीच्या काचा खडखडायच्या, वहीवरचं अक्षर हलायचं. शेवटी मीच वैतागून आत ओरडायचो, "अगं, विचार त्यांना एकदाचं!"