मागच्या अंगाला फुटलेली खोली

यंदा मृग लागला आणि आमच्या घराला मागच्या अंगाने एक खोली फुटली.

सुरुवातीला नुसता कोंब होता. न्हाणीघराच्या भिंतीला, जमिनीपासून हातभर वर, पोपटी फुगवटा आला. मला वाटलं ओल असेल. दोन-तीन सरी झाल्यावर तो उकलला आणि आतून काडेपेटीएवढी बंद खिडकी निघाली. तिची दारं इतकी कोवळी होती की उजेड पडला की शिरा दिसायच्या.

आमचे हे कृषी विद्यालयात बागकाम शिकवायचे. निवृत्त झाले तरी पावसाच्या तोंडावर आमच्या आळीतले लोक यांनाच विचारायला येतात. मोगरा कधी छाटायचा, काकडीचा मांडव कुठे घालायचा, कुंडीच्या तळाचं भोक बुजलं तर काय करायचं. घराच्या फुटव्यांबद्दलही विचारतात आणि त्यावर यांचं उत्तर ठरलेलं आहे. जुन्या घराला पावसाळ्यात फुटवा आला तर कोवळा असतानाच काढावा, नाहीतर तो मूळ घराचं बळ खातो. शेजारच्या धुरींच्या घराला गेल्या वर्षी गच्चीकडे जाणारा जिना फुटला होता. छान वळणदार होता. यांच्या सांगण्यावरून त्यांनी तो कापून टाकला.

तेव्हा खोली ठेवायची की नाही हा प्रश्नच नव्हता. फक्त नेमकी तेव्हाच यांची कंबर धरली आणि छाटणी लांबली.

यांची थोरली बहीण आमच्याकडेच असते. तिला सगळे अक्का म्हणतात. अक्कांचं लग्न झालं नाही. आधी आईवडिलांचं दुखणं, मग भावाचं शिक्षण, मग आमची मुलं, यातच त्यांचे दिवस गेले. घरात त्यांची अशी जागा म्हणजे मधल्या खोलीतली घडीची खाट आणि कपाटाचा खालचा खण. खाट सकाळी मिटून भिंतीला लावायची. रात्री कुणी पाणी प्यायला उठलं की त्या झोपेतच पाय आखडून घ्यायच्या. इतक्या वर्षांत त्याबद्दल त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत.

खोलीबद्दलही बोलल्या नाहीत. पण एकदा मी मागे गेले तर तिच्या मुळाशी पाणी साचू नये म्हणून बारीक चर खणलेला दिसला. मग शेणखत पडलं, निंबोळी पेंड पडली, वर वाळका पाला पसरला गेला. कोवळा गिलावा गोगलगायी खातात, म्हणून अक्का सकाळी चिमट्याने गोगलगायी वेचत. भिंत कलायला लागली तेव्हा त्यांनी बांबूचा टेकू दिला आणि जुन्या लुगड्याच्या पट्टीने, काचू नये इतपत सैल, बांधून टाकला.

खोली भराभर वाढली. कौलं आली ती आंब्याच्या पालवीसारखी तांबूस आणि मऊ होती, नंतर कडक झाली. सगळ्यात शेवटी दार आलं.

तोवर आमचं स्वयंपाकघर सुकायला लागलं होतं. भिंती आत ओढल्या जात होत्या. पोळ्या लाटताना माझं कोपर भिंतीला लागायचं आणि फरश्यांच्या कडा वाळलेल्या पानासारख्या वळल्या होत्या. यांना दाखवलं तर म्हणाले, बळ तिकडे जातंय.

मग एक दिवस धुरी आले. चहा घेतला, पावसाचं बोलले, खोलीचं नाव काढलं नाही. उठताना मात्र म्हणाले की जिना होता त्या जागी गेलं की अजून त्यांचा पाय आपोआप उचलला जातो. आणि नियम सगळ्यांना सारखा असलेला बरा.

दुसऱ्या दिवशी सकाळी यांनी करवत काढली. पाऊस लागलेलाच होता. मी छत्री धरून मागे उभी राहिले. घराला खोली जिथे चिकटली होती तो सांधा यांनी बोटाने चाचपला आणि तिथे करवत टेकवली.

तेवढ्यात खिडकी आतून उघडली.

आत अक्का बसल्या होत्या. त्यांचे केस मोकळे होते. बाहेर सगळं करडं झालं होतं आणि त्यांच्या मांडीवर मात्र हिवाळ्यातल्या सकाळच्यासारखं ऊन पडलं होतं. मागे भिंतीला एकच खुंटी आली होती. तिच्यावर त्यांचं लुगडं होतं.

"अक्का, बाहेर ये," हे म्हणाले. "छाटायची आहे."

"छाट तू," अक्का म्हणाल्या. "मी बसलेय."

त्यांचा आवाज चढला नव्हता. त्या रागावल्याही नव्हत्या. मग अक्कांनी केसांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "रघू, इथं केस वाळतात रे."

हे करवत घेऊन परत आले आणि पुढच्या बैठकीत जाऊन बसले. ती बैठक यांनी हौसेने बांधून घेतली होती. पांढऱ्या फरश्या, लांबट सोफा, काचेच्या कपाटात विद्यार्थ्यांनी दिलेल्या भेटी. जेवायला हाक मारली तरी उठले नाहीत. संध्याकाळी एकदम मला म्हणाले, "दोन्ही पेलत नसलं की एक काढावंच लागतं. पण ते नवीनच असलं पाहिजे असं कुठे आहे? मी आपला सगळ्यांना नवीन तेच कापायला सांगत आलो."

सकाळी यांनी बैठक कापली. एकट्याच्याने होईना म्हणून धुरी करवतीचं दुसरं टोक धरायला आले. कपाट मी आधीच रिकामं करून ठेवलं होतं. बैठक सुटताना थोडा पांढरा चीक आला, फार नाही. कापल्या जागी यांनी, झाडाच्या जखमेला लावतात ते, बोर्डोचं मलम लावलं. धुरी म्हणाले, एवढी चांगली वस्तू कुजवायची कशाला, माझ्या दारात लावून बघतो. हे म्हणाले, जगेल असं मी सांगत नाही, पण लावायची तर याच पावसात लावा. चौघांनी मिळून ती हातगाडीवर चढवली.

पुढच्या नक्षत्रात स्वयंपाकघराने पुन्हा जीव धरला. भिंती मागे सरल्या, फरश्या सपाट झाल्या. आता आमच्याकडे कुणी आलं तर बसायला जागा अशी नाही. लोक पडवीत उभ्याउभ्या मोगऱ्याचं विचारून जातात.

काल दुपारी हे वर्तमानपत्र घेऊन घरभर फिरले. मग छत्री उघडून मागच्या दाराने बाहेर पडले आणि अक्कांच्या दारापाशी थांबले. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. यांनी कडी वाजवली.

"अक्का, येऊ का आत?"

"थांब जरा," आतून आवाज आला.

हे थांबले. छत्रीवरून पाणी ओघळत होतं, पायांखालून चराचं पाणी वाहत होतं. यांनी पुन्हा कडी वाजवली नाही. आत काहीतरी सरकवल्याचा आवाज आला, मग काहीच नाही. बऱ्याच वेळाने अक्का म्हणाल्या, "हं, ये आता."

यांनी छत्री मिटली, चपला दाराबाहेर काढल्या, पाय पुसले आणि आत गेले.