चिमणझऱ्याची मालन

मुलांनो, मांडी घालून बसा आणि तो मोबाइल पालथा ठेवा. एका जंगलात एक तळं होतं. तळ्याला मातीचा बांध होता आणि बांधाला एक राखणदार होता, तुकाप्पा कासव.

तुकाप्पा आता थकला होता. त्याच्या जागी कोणाला तरी नेमायचं होतं. पण जंगलाने नवा नियम केला होता: राखणदार व्हायचं, तर एक वर्ष परमुलखात कोणाच्या तरी हाताखाली उमेदवारी करून यायची. तुकाप्पा स्वतः जन्मात कधी वेशीबाहेर गेला नव्हता. बांध मात्र साठ वर्षं टिकला होता. पण नियम म्हणजे नियम.

मालन नावाच्या पाणमांजरीला ती जागा हवी होती. आजपासून नाही, लहानपणापासून. तुकाप्पाच्या पाठीवर बसून ती बांधावर फिरायची आणि ओल्या मातीला कान लावून पाणी कुठे झिरपतंय ते ऐकायची. तिला दुसरं काही सुचतच नसे.

तिला दोन ठिकाणांहून बोलावणं आलं. एक महाअरण्यातून. तिथे चाळीस तळी होती आणि चारशे उमेदवार. पहिले आठ महिने उमेदवाराने बांध लांबून बघायचा, असा तिथला शिरस्ता होता. दुसरं बोलावणं चिमणझऱ्याचं. तिथे एकच ओढा आणि एकच म्हातारी बीव्हरबाई. चपट्या शेपटीची ही मंडळी जन्मजात बांध बांधणारी. बाईने लिहिलं होतं, ‘पहिल्या दिवसापासून चिखलात उतरावं लागेल. यायचं तर ये.’

मालनने चिमणझरा निवडला.

“अगं पण लोकांना सांगायचं काय?” आई म्हणाली.

“चिमणझरा म्हणून सांग.”

“ते विचारतील, हे कुठं आलं?”

“मग सांग कुठं आलं ते.”

“मला मेलीला तरी कुठं ठाऊक आहे!”

त्या जंगलात एक रीत होती. परमुलखात निघालेल्या पोराच्या अभिनंदनाचा फलक वेशीवरच्या चिंचेला लागायचा. रानडुकराच्या मुलाचा फलक आधीच झळकला होता. त्याचं नाव शार्दूल, म्हणजे वाघ. बारशाला कोणी हरकत घेतली नव्हती, म्हणून तेच चालू राहिलं. तो महाअरण्यात निघाला होता. मग मालनच्या आईनेही फलक लावला. त्यावर ‘महाअरण्य’ हा शब्द हत्तीएवढा होता, आणि खाली मुंगीएवढा ‘जवळ’. जवळ म्हणजे बगळ्याच्या उड्डाणाने चार दिवस.

मालनने फलक पाहिला आणि तिला आईचा राग आला. मग आईचा चेहरा पाहिला आणि तिने फलक तसाच राहू दिला.

वर्ष सरलं. दोघंही परतली. शार्दूलने महाअरण्याच्या कमानीखाली काढलेली आपली चित्रं आणली होती. मालनने आणले होते फुटलेले तळवे.

मुलाखत बांधावरच होती. समितीचे अध्यक्ष अप्पासाहेब हत्ती. ते बसले, बांध हादरला आणि बाहेरच्या अंगाने पाण्याची धार लागली. शार्दूल धावला. जिथे पाणी दिसत होतं, तिथेच त्याने चिखल थापला. धार शेजारून निघाली. त्याने तिथेही थापला.

मालनने तळ्यात बुडी मारली. पाणी दिसतं बाहेर, पण शिरतं आतून, हे बीव्हरबाईने तिला शेपटीचे फटके देऊन शिकवलं होतं. आतल्या अंगाला घुशीचं बीळ होतं. तिने त्यात काटक्या कोंबल्या, वर गवत, वर चिकणमाती, आणि पायाने तुडवून घट्ट केलं. धार थांबली.

“शाब्बास!” अप्पासाहेब म्हणाले. “कुठं शिकलीस गं हे?”

“महाअरण्याजवळ!” गर्दीतून आई ओरडली.

मालनने नुसती मान हलवली असती, तरी जागा तिची होती. पण तिला चिखलाने भरलेली म्हातारी बीव्हरबाई आठवली.

“चिमणझऱ्याला,” ती म्हणाली.

“हे कुठं आलं?”

समिती बाजूला जाऊन कुजबुजली. अप्पासाहेब परत आले. “पोरी, काम झकास आहे तुझं. पण उद्या शेजारच्या जंगलाने विचारलं, तुमचा राखणदार कुठं शिकला, तर आम्ही तोंड कुठं दाखवायचं?”

शार्दूलची नेमणूक झाली. मालन बांधाला कान लावून खूप रडली. मग चिमणझऱ्याला परत गेली.

तीन वर्षांत बांधाचं बाहेरचं अंग चांगलं जाड झालं, कारण शार्दूल रोज थापत होता. तळं मात्र अर्ध्यावर आलं. समितीने महाअरण्याला पत्र धाडलं: तुमच्याकडचा तज्ज्ञ पाठवा. उत्तर आलं: ‘आमचे स्वतःचे बांध आम्ही चिमणझऱ्याची मंडळी बोलावून दुरुस्त करून घेतो. तुम्हीही तेच करा.’

चिमणझऱ्याहून तज्ज्ञ आली. वेशीवर तुतारी वाजली. शार्दूलला स्वागत समितीचा प्रमुख केला होता आणि ते काम त्याला छान जमत होतं. अप्पासाहेबांनी सोंडेने हार घातला.

“एवढ्या लांबून आलात, बाई! इथलं पाणी मानवतंय ना तुम्हाला?”

“मानवतंय,” मालन म्हणाली.

दोन दिवसांत तिने आतून बांध नीट केला. निघताना तिने हळूच विचारलं, “राखणदाराची जागा कधी रिकामी होणार आहे का?”

अप्पासाहेब मनापासून हसले. “काय थट्टा करता! तुमच्यासारख्यांना आम्ही इथं कुठं अडकवून ठेवायचं?”

दोन्ही दिवस तिची सोय पाहुण्यांच्या गुहेत होती. निरोपाची गर्दी आवरायला दोरी बांधली होती. दोरीपलीकडे मालनची आई टाचा उंचावून उभी होती. शेजारच्या सशिणीने तिला विचारलं, “कुठल्या हो ह्या बाई?”

“चिमणझऱ्याची,” आई म्हणाली. या खेपेला तिने जवळ-बिवळ काही लावलं नाही. “माझी आहे ती.”

सशिणीचा काही विश्वास बसला नाही.

तात्पर्य: मुलांनो, उमेदवारीला गाव लहान निवडा की मोठं, काही बिघडत नाही. फक्त शिकून घरी परत येऊ नका. पाहुणे म्हणून या. हार मिळेल, तुतारी मिळेल, आणि दोरीपलीकडून का होईना, आईही दिसेल.