प्रश्न क्रमांक एक

शहराची वाहतूक सुधारायची तर माणसं कुठून कुठे जातात हे आधी कळावं लागतं. ती पोहोचतात का, हा पुढचा आणि तसा किरकोळ मुद्दा. म्हणून नाशिकसाठी एकात्मिक प्रवासमागणी प्रारूप तयार झालं, म्हणजे घर, काम, बाजार, बस सगळं एकाच कॉम्प्युटरात घालून ढवळायचं. माहिती आणायची शेखरने. बिचारा सहा वर्षं कंत्राटावर होता. "चारशे फॉर्म आण, कायम करतो," साहेब म्हणाले होते.

सकाळी सातला तो सायखेड्याच्या थांब्यावर उभा राहिला. नाशिकच्या द्वारका चौकात मेथी विकायला निघालेल्या बयाबाईंना त्याने प्रश्न क्रमांक एक (तीन समित्यांनी मंजूर केलेला) अदबीने विचारला, "आजी, कुठे निघालात?"

"आरं बाबा, ऐन निघताना कुठं म्हून इचारत्यात का? आता खपली माझी मेथी!"

बयाबाई मटकन खाली बसल्या, पाणी प्यायल्या आणि त्यांनी बस सोडून दिली. शेखरने रांगेतल्या उरलेल्या चाळीस जणांनाही प्रामाणिकपणे विचारलं. बस रिकामी गेली. "साहेब, 'लांब चाललात का?' असं विचारू का?" त्याने फोनवर काकुळतीने विचारलं. पण त्याला चौथी समिती लागली असती.

चारशे फॉर्म भरले. सायखेड्यात कुणालाच कुठे जायचं नसतं (मागणी: शून्य टक्के), असं कॉम्प्युटरने सांगितलं आणि बस बंद झाली. बयाबाई जावयाच्या मोटरसायकलवरून येऊ लागल्या, बाकीच्यांनीही आपापल्या गाड्या काढल्या, आणि द्वारका तुंबली.

साहेब मात्र हुशार. शेखर उभा राहतो तिथे प्रवास थांबतो, हे त्यांनी बरोबर हेरलं. शेखरला कायम करून द्वारकेवर उभं करावं आणि त्याने प्रत्येकाला प्रश्न क्रमांक एक विचारावा, असा आदेश निघाला. (उड्डाणपुलापेक्षा स्वस्त.)

रुजू व्हायच्या दिवशी शेखर इस्त्रीचा शर्ट घालून, देवाला नमस्कार करून उंबऱ्याबाहेर पडला. इतक्यात शेजारच्या शकुबाईंनी कौतुकाने हाक मारली, "शेखरभाऊ, एवढं नटूनथटून कुठे?"

शेखर पायरीवरच बसला, पाणी प्यायला, आणि दहाची वेळ टळली. नोकरी गेली. अहवालात नोंद झाली: प्रारूपाचं पहिलं यश, एक फेरी कमी.

जागा अजून रिकामी आहे. तोवर ज्याला जो भेटेल त्याला त्याने हा प्रश्न विचारावा, असं परिपत्रक आहे, त्यामुळे आमचा नाइलाज आहे. झालं वाचून? मग आता कुठे निघालात?

बसा, पाणी प्या. द्वारकेवर तेवढीच एक गाडी कमी.