दुखवट्याचं डिप

साळवेकाका दुकानात आले आणि "अर्धा किलो चक्का" म्हणाले, की काट्याकडे वळायच्या आधी मी विचारते, "कोण गेलं?"

ते नाव सांगतात, वय सांगतात, काय झालं होतं ते एका वाक्यात सांगतात आणि मग म्हणतात, "घट्ट द्या ताई. पाणी सुटलेला नको. तिथं आधीच सगळे ओले असतात."

भिंगारच्या बाजारात आमची डेअरी आहे. पेपरातलं निधनाचं पान मी उघडत नाही, गरजच पडत नाही. लग्नाला, बारशाला, अगदी त्यांच्या नाताळालाही साळवेकाका चक्का नेत नाहीत. नेतात ते फक्त मयतीला. मागच्या उन्हाळ्यात एकाच आठवड्यात तीनदा आले, तेव्हा आमचे हे म्हणाले, "अगं, ह्यांना बघून गिऱ्हाईकं दचकायला लागली. मागच्या दारानं यायला सांग." मी सांगितलं. काकांना राग आला नाही. "बरोबर आहे," म्हणाले आणि मागच्या दारानं येऊ लागले. आता मागचं दार वाजलं की आम्ही दोघं दचकतो.

काका सत्तरीचे आहेत. उंच, ताठ, भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट आणि गळ्याशी बटण लावलेलं. तीस-पस्तीस वर्षं लष्कराच्या मेसमध्ये कुक होते. निवृत्त झाल्यावर काही लोक शेती बघतात, काही चर्चच्या कमिटीत जाऊन भांडतात. काकांनी डिप धरलं.

डिप म्हणजे काय, तर चक्का घ्यायचा, त्याच्या निम्मी साय, अंदाजानं पिठीसाखर, व्हॅनिला इसेन्सचे चार थेंब. हे सगळं रवीनं लोण्यासारखं होईपर्यंत घुसळायचं आणि काचेच्या मोठ्या वाडग्यात काढायचं. वाडगा परातीच्या मधोमध ठेवायचा आणि भोवती सफरचंद, पेरू, पपईच्या फोडी आणि द्राक्षं, प्रत्येकाला एक दातकोरणी टोचलेली. वाट्या नाहीत, चमचे नाहीत. फोड उचलायची, बुडवायची, खायची. कुण्या मोठ्या साहेबांच्या बायकोनं त्यांना हे शिकवलं म्हणे.

"म्हणजे आपलं श्रीखंडच की," मी एकदा म्हणाले. पुढच्या दोन मयतींचा चक्का दुसऱ्या दुकानातून गेला.

ते मयताच्याच घरी का न्यायचं, याला काकांकडे उत्तर तयार असतं. "ताई, मयताच्या घरात चूल पेटते का? नाही. तुमच्यात नाही, मुसलमानांत नाही, आमच्यातही शेजारीच डबा आणतात. आणि ह्याला चूल लागते का? नाही. मग?"

"मग काय मग? चूल त्यांची बंद असते काका, तुमची नाही. तुमच्या गॅसवर पिठलं करा आणि न्या."

"पिठलं सगळेच नेतात," काका म्हणतात. तिथं विषय संपतो.

आमचे सासरे गेले तेव्हा मी हा प्रकार पहिल्यांदा घरात पाहिला. आमच्याकडे मयतीच्या दिवशी नातेवाईक भाकरी आणि बेसन घेऊन येतात. त्याला कडू घास म्हणतात. घासही कुणी धड खात नाही, नुसता मोडतात. सगळे भिंतीला टेकून बसले होते आणि साळवेकाका परात घेऊन दारात उभे राहिले.

जामखेडहून आलेल्या आमच्या चुलत सासूबाई ओरडल्याच. "अगं बया! सुतकात ग्वाड? ह्यो कोन मानूस?"

"आजी, ह्याला गोड म्हणत नाहीत," काका नम्रपणे म्हणाले. "ह्याला डिप म्हणतात."

आजींनी वाडग्याकडे बघितलं. सकाळपासून त्यांच्या पोटात चहासुद्धा नव्हता. त्यांनी पपईची एक फोड बुडवून अर्धी खाल्ली आणि उरलेली अर्धी पुन्हा बुडवायला हात पुढे केला.

"ओ आजी!" काकांनी वाडगा मागे ओढला. "तीच फोड दुसऱ्यांदा नाही. नवी घ्या. एक फोड, एक डुबकी."

"आता तू मला शिकिव. माझा दीर मेलाय हितं!"

"त्याचं दुःखच आहे आजी. पण वाडगा सगळ्यांचा आहे."

कोपऱ्यात बसलेली माझी जाऊ तोंडाला पदर लावून हलायला लागली. ती रडते आहे असं समजून दोन बायका तिला धरायला धावल्या. ती हसत होती. त्या दिवशी आमच्या घरातल्या अकरा माणसांनी एका वाडग्यातून खाल्लं. भाकऱ्या तशाच राहिल्या.

पण खाऊ घालून काका उठत नाहीत, हा त्यांचा खरा त्रास. ते एकेकाला विचारत बसतात. "कसं झालंय? आंबट आहे का? साखर कमी पडली?" माझ्या नवऱ्याचा बाप जाऊन पाच तास झाले होते आणि हे त्याला विचारत होते, व्हॅनिला जास्त झालाय का. मी त्यांना बाहेर नेऊन झापलं. तर म्हणतात, "ताई, लग्नात कुणालाही विचारा, छान म्हणतील. मयतीत माणूस खरं बोलतो. खोटं बोलायला अंगात जोर लागतो. तो त्या दिवशी नसतो."

स्वतः मात्र ते कधी चाखताना दिसले नाहीत. सगळं काट्यावर मोजून घेतात. कुणी विचारलं तर म्हणतात, "कुकनं चाखायचं नसतं. चाखतो तो भुकेला." मला हे मेसच्या शिस्तीतलं वाटायचं.

त्यांच्या सगळ्या परीक्षकांत सगळ्यात वरच्या होत्या निमसेमावशी. आमच्या गल्लीच्या तोंडाशी नवऱ्याबरोबर, निमसेमामांबरोबर, भाजी विकतात. तोंड असं, की त्यांच्याकडून मेथी घेताना जुडी उलटून बघायची कुणाची छाती नाही. गल्लीतल्या प्रत्येक दुखवट्याला मावशी हजर आणि प्रत्येक वेळी त्यांनी काकांना नापास केलेलं. "चुना कालवलाय जनू." "साळव्या, ह्यात साखर टाकली का नुसती दावली?" काका मान खाली घालून ऐकायचे आणि दुसऱ्या दिवशी मला येऊन सांगायचे, "मावशी म्हणाल्या, मागच्यापेक्षा बरंय. ताई, मावशींनी एकदा पास केलं की मी सुटलो." कशातून सुटणार होते ते मी विचारलं नाही. दुकानात गर्दी असते.

गेल्या पौषात निमसेमामा गेले. सकाळी दाढी करायला बसले आणि आरशासमोरच कलंडले. काका मागच्या दारानं आले. नाव, वय काही सांगितलं नाही, मला ठाऊकच होतं. "आज एक किलो द्या," म्हणाले. "आणि चांगला बघून."

मी फ्रिजमधून डबा काढला, वजन केलं आणि दिलं. चूक माझी होती, आणि ती कशी झाली तेही सांगते. जामखेड रोडवरच्या एका ढाब्याला कबाबासाठी मीठ लावलेला चक्का लागतो. तो मी आदल्या दिवशी तयार करून ठेवते. डबा तसाच, कप्पा शेजारचा. वीस वर्षांत असं झालं नव्हतं. पण मामांच्या हातची भाजी मीही वीस वर्षं घेतली होती. त्या सकाळी माझं लक्ष धड नव्हतं.

दुपारी दुकान बंद करून मी निमश्यांकडे गेले. मावशी भिंतीशी बसल्या होत्या. कपाळ पुसलेलं, हात मांडीवर उताणे. एवढं गप्प मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. परात त्यांच्यासमोर होती. आठ-दहा माणसांनी एकेक फोड घेतलेली दिसत होती, दुसरी कुणीच घेतली नव्हती. मावशींचा पुतण्या तोंडात घास धरून छताकडे बघत होता. मला वाटलं, रडू आवरतोय.

काका उकिडवे बसून मावशींकडे बघत होते. मावशींनी पेरूची फोड बुडवली आणि खाल्ली. सावकाश चावली. मग दुसरी घेतली, मग तिसरी.

"मावशी," काकांचा आवाज अगदी लहान झाला होता. "कसं झालंय?"

मावशींनी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. "चांगलं झालंय रं साळव्या," त्या म्हणाल्या. "आज जमलं बग तुला."

काकांचा चेहरा असा उजळला, की मयताच्या घरात ते बरं दिसेना. मी सफरचंदाची फोड घेतली, बुडवली, तोंडात टाकली. आणि तो घास कसाबसा गिळला. भलतंच खारट. वर साखर, वर व्हॅनिला, खाली मूठभर मीठ.

गप्प राहता आलं असतं. मी दूध नासलं तर गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगते. नासलेलं विकून छान म्हणवून घेणं मला जमत नाही. शिवाय स्वतः न चाखता लोकांना खाऊ घालायचा त्यांचा नियम डोक्यात टोचायला लागला होता. गल्लीत आल्यावर मी म्हणाले, "काका, खारट होतं. मी मिठाचा चक्का दिला तुम्हाला. चूक माझी आहे."

ते परात काखेत धरून उभे राहिले. "मावशी म्हणाल्या, चांगलं झालंय."

"म्हणाल्या."

"मयतीत कुणी खोटं बोलत नाही ताई."

"मीठ होतं काका. तुम्ही एकदा चाखलं असतं तर—"

"चाखलं होतं," काका म्हणाले. "दर वेळी चाखतो. घरी."

मग त्यांनीच सांगितलं, तेही एखाद्या मयताची माहिती सांगावी तसं, थोडक्यात. लॉकडाऊनच्या वर्षी साथीच्या तापात ते आणि त्यांच्या बायको, रूथकाकू, एकाच दिवशी दवाखान्यात गेले. "अकराव्या दिवशी मी परत आलो. चव आणि वास तिथंच राहिले. ती पण." डॉक्टर म्हणाले होते, महिन्या-दोन महिन्यांत चव परत येईल. आली नाही. तेव्हा कुणाच्या घरी जायला बंदी होती, त्यामुळे त्यांच्या घरी कुणी आलं नाही, डबाही आला नाही. कुलूप काढून आत गेले आणि दोन दिवस नुसते बसून राहिले. तिसऱ्या दिवशी फ्रिजमध्ये काकूंनी बांधून ठेवलेला चक्का सापडला. तो आंबट झालाय की बरा आहे, तेही त्यांना कळेना. "फेकायचा कसा? तिनं बांधलेला. आणि खायचा तरी कसा? मग साखर घालून घुसळला आणि खाल्ला. पांढरं काहीतरी तोंडात गेलं एवढंच." मेसमधली सगळी वर्षं घरी आल्यावर काकूच त्यांना सांगायच्या, कालच्या रश्श्यात काय चुकलं होतं. काका डब्यात घालून थोडं थोडं घरी आणायचे. "आता मला कोण सांगणार? जित्या घरी विचारलं तर छान म्हणतात."

"मला विचारायचं," मी म्हणाले.

"तुम्ही दुकानात असता," काका म्हणाले आणि निघून गेले.

तेराव्याला मी निमश्यांकडे गेले. मावशी आता जरा बोलत होत्या. मी माफी मागितली आणि चक्क्याचं सांगितलं.

"ठावं हाय मला," मावशी म्हणाल्या. "मीठ हुतं की. लई हुतं. नवरा गेला म्हनून जीभ जाती व्हय माजी?"

"मग चांगलं का म्हणालात?"

"त्याचं त्वांड बघितलं न्हाई तू. मपला नवरा गेलाय, अन् ह्यो मानूस त्याचंच कोन मेल्यागत माझ्याकडं बघतोय." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "आन् सांगू नगंस त्याला."

मी सांगितलं नाही. सांगायचं तेवढं मी आधीच सांगून बसले होते.

काका महिनाभर आले नाहीत. त्या महिन्यात गल्लीत दोन माणसं गेली आणि दोन्हीकडे लोकांनी भाकऱ्या मोडल्या, खाल्ल्या नाहीत. आमचे हे म्हणाले, "बरं झालं, मागचं दार शांत झालं." पण दार वाजत नाही याकडे माझं लक्ष होतं.

परवा वाजलं. कापडवाले शेखचाचा गेले होते, ब्याऐंशी वर्षांचे, झोपेत. काकांच्या हातात रवी होती, काचेचा वाडगा होता, साखरेचा डबा होता. "इथंच करू का?" त्यांनी विचारलं. मी स्टूल सरकवलं. दुकानात दोन गिऱ्हाईकं होती, त्यांचं आमच्या ह्यांनी बघितलं.

काकांनी घुसळलं, चमचा भरला आणि माझ्यापुढे धरला. मला शुगर आहे, गोड बंद आहे. तरी घेतला.

"साखर कमी आहे. अजून दोन चमचे."

त्यांनी घातली, पुन्हा घुसळलं, पुन्हा धरला. "आता?"

"आता बरोबर आहे."

"नक्की?"

"काका, मी खोटं बोलत नाही. दुकान आहे माझं."

मग त्यांनी दुसरा चमचा घेतला, स्वतःच्या तोंडात घातला आणि डोळे मिटून उभे राहिले.

"कसं लागतंय?" त्यांनी मला विचारलं.

मला असलं बोलता येत नाही. मी दुधाचं फॅट सांगू शकते. "आधी गार लागतं," मी म्हणाले. "मग आंबट. गोड शेवटी येतं."

डोळे न उघडता त्यांनी मान हलवली. "येतं आणि जातं, का थांबतं?"

मी जीभ टाळ्याला लावून नीट बघितलं.

"थांबतं," मी म्हणाले. "अजून आहे."