अंतोनियो उलटा

तेरा जूनच्या सकाळी अंतोनियो शिंपी नवा शर्ट घालून निघाला, तो बेकरीवाल्या विधवा कुकाबाईला लग्नाचं विचारायला. चार वर्षं तो तिच्याकडून पाव घेत होता आणि पावाबद्दलच बोलत होता. आज संत अंतोनियोचा, म्हणून त्याच्याही नावाचा दिवस. आज तरी धीर होईल, असं त्याला वाटत होतं.

दुकानाच्या उंबऱ्यातच ओतिलियामावशी लेकीला घेऊन आडवी आली.

"तोन्यो, जरा डोक्यावर उभा राहा."

"का?"

"चर्चमधला संत रंगवायला शहरात नेलाय. उलटा केल्याशिवाय तो कुणाला नवरा देत नाही, ठाऊक आहे ना? आता पोरीनं मागायचं कुणाकडे? नाव तर तुझंच आहे."

"मावशी, मी शिंपी आहे."

"आणि तो लाकूड आहे. मग?"

अंतोनियो भिंतीला पाय लावून डोक्यावर उभा राहिला. अर्ध्या तासात मुलीला शेजारगावच्या न्हाव्याचं मागणं आलं. न्हावी आठवडाभर धीर गोळा करत होता, पण हे कोण विचारतो? दुकानासमोर सव्वीस मुलींची रांग लागली.

हरवलेलं शोधून देणाराही हाच संत. त्यामुळे फिदेन्सिओ म्हातारा शेळी विचारत आला. उलट्या अंतोनियोला समोरच्या फाटकाखालच्या फटीतून शेळीचे पाय दिसत होते.

"तुमच्या मेव्हण्याच्या अंगणात."

शेळी सापडली. आता नाही म्हणायची सोयच उरली नाही. मग एकानं लंगडं गाढव आणलं.

"अहो, जनावरांचा संत अंतोनियो वेगळा! तो जानेवारीतला!"

"ते तुम्ही आपसात वाटून घ्या. मी दोन कोस चालत आलोय."

दुपारी रांगेत पिठानं पांढरे झालेले जोडे दिसले. अंतोनियोच्या डोक्यात आधीच उतरलेलं रक्त आणखी उतरलं.

"कुकाबाई, मला तुम्हाला..."

"आधी माझं मागणं. नवरा हवाय."

"मी आहे ना!"

चार वर्षं अडलेलं वाक्य उलटं होताच सुटलं. ओतिलियामावशी कडाडली, "हे चालायचं नाही! संतानं नवरा द्यायचा असतो, नवरा व्हायचं नसतं."

"मग मी संतपण सोडतो," म्हणत त्यानं एक पाय खाली घेतला. सहा मुलींनी तो पुन्हा भिंतीला टेकवला. "आमचं झाल्यावर सोडा!"

कुकाबाई खाली बसली, मान वाकडी करून तिनं त्याचा चेहरा नीट पाहिला. "मला पसंत आहे. पण रीत म्हणजे रीत. नवरा मिळेपर्यंत संताला सरळ करायचं नाही."

"मिळाला की!"

"लग्न लागल्याशिवाय मिळाला म्हणत नाहीत."

पाद्रीबाबांना बोलावणं गेलं. ते आले, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि वराकडे पाहता यावं म्हणून चष्मा उलटा धरून पाहिला.

"लग्न लावतो. पण आधी तीन रविवार चर्चमध्ये जाहीर करावं लागेल."

कुकाबाईनं बोटांवर रविवार मोजले. मग बेकरीत जाऊन पिठाचं रिकामं पोतं आणलं, त्याची चौपदरी घडी केली आणि हलक्या हातानं होणाऱ्या नवऱ्याच्या डोक्याखाली सारली.