अप्पारावांच्या अन्ननलिकेची मोहीम

हकीकत लिहिणाराने सावधपणे लिहिली, वाचणाराने स्थिरचित्ते वाचावी, ती ऐशी: अंकुशनगरी अप्पाराव म्हणून शूर पुरुष, साखर कारखान्याच्या ऊस खात्यातून निवृत्त, देशी दारूशी वर्षानुवर्षे दोस्ती राखून होते, आणि त्या दोस्तीने यकृताचा मुलूख उजाड करून अन्ननलिकेतील शिरा फुगवून ठेविल्या, याची खबर कोणासही नव्हती. मग एके सकाळी चहाच्या टपरीवर त्यांस रक्ताची उलटी जाहली. दरबार घाबरा जाहला. परमस्नेही राधेश्यामजींनी फर्माविले, "पित्त हाय. कोकम पाजा, बिलकुल बरा होतो." तोंच कुटुंब सोनूबाईसाहेब खासा चालून आल्या आणि दरबाराची मसलत न ऐकतां पतीस शेजारियाच्या जीपमध्ये घालून जालन्यास कूच करत्या जाहल्या.

तेथे डॉक्टर ज्योत्स्नाबाईंनी आधी रक्ताची कुमक चढविली, मग तोंडावाटे दुर्बीण उतरविली, आणि फुगल्या शिरा एकेक धरून रबरी कड्यांनी जेरबंद केल्या. रक्त थांबले. मग हुकूम सुटला, की "हे अर्धंच काम आहे. गोळ्या चुकल्या, पुढच्या तपासणीला आला नाहीत किंवा दारू सुरू केलीत, तर माझ्या कड्या काही करू शकणार नाहीत." अप्पारावांनी मान डोलविली, नरडे दुखत असल्याने शपथ घेणे टळले.

पुढे राधेश्यामजी घरी भेटीस आले, पिशवीत पपई आणि पपईखाली बाटली. "जराशी घे, जितलास म्हणून." अप्पाराव बाटलीकडे बहुत वेळ पाहत राहिले. सोनूबाईसाहेब दारात उभ्या होत्या. मग अप्पाराव वदले, "घेतो. पण आपण संगंच पेलो ना इतके वर्षं? मंग डॉक्टरीणबाई तुझ्याबी नरड्यात नळी घालणार हायेत. उद्या उपाशीपोटी ये." ऐसे ऐकतां राधेश्यामजींनी बाटलीसह पलायन केले; पपई रणांगणी पडून राहिली.

तदनंतर अप्पाराव तपासणीच्या प्रत्येक फेरीस जातीने हजर होत गेले, नव्या कड्या चढत गेल्या, आणि अखेर शिरा सपाट जाहल्या. यकृताचा गेला मुलूख परत आला नाही. उरला तो राखिला.

मग श्रेयाचा तंटा उभा राहिला. अप्पाराव म्हणत, आपली छाती. राधेश्यामजी टपरीवर म्हणत, आपले कोकम. ज्योत्स्नाबाईंनी सोनूबाईसाहेबांकडे बोट करून निवाडा दिला, की "यांनी वेळेवर आणलं, म्हणून." त्यावर सोनूबाईसाहेब इतुकेच बोलिल्या, "रस्ता रिकामा व्हता."

येणेप्रमाणे फत्ते दाखल केली असे.